पुस्तकपेटी : आजीला नार्निया खटकते, आणि टपालातले इतर प्रश्न

दिवाळी अंक वाचून होतात न होतात तोच नाताळच्या भेटींची विचारणा सुरू होते. या खेपेला ख्रिस्ती कुटुंबांकडून आलेली पत्रे एकत्र घेतली आहेत आणि सारखे प्रश्न जोडून टाकले आहेत. आमचा कल कुठे आहे तो आधीच सांगतो. पुस्तकात वचने किती आहेत, हे आम्ही फारसे मोजत नाही. चूक चूक म्हणून दिसते का आणि क्षमा दोन ओळींत उरकलेली नाही ना, एवढे मात्र नक्की पाहतो.

मुले चार आणि सात वर्षांची. भेट मिळालेल्या सचित्र बायबलात गल्याथाचे तुटलेले मुंडके पाहून धाकटा रात्री दचकून उठला. तो मोठा होईपर्यंत जुना करार बंदच ठेवावा का? नवे पुस्तक घ्यायचे तर काय पाहून घ्यावे? (एक आई, टिळकनगर, इंदूर)

जुना करार बंद करू नका. ते पुस्तक मात्र चार वर्षे माळ्यावर टाका. चित्रांचे बायबल एखाद्या ठरावीक वयासाठी केलेले असते आणि भेट देणारा बहुधा वेष्टन पाहून घेतो.

दुकानात उभ्या उभ्या पाच जागा उघडून पाहा: नोहाचा जलप्रलय, अब्राहाम आणि इसहाक, दावीद आणि गल्याथ, वधस्तंभ, रिकामी कबर. नोहाच्या पानावर जिराफ-हत्ती नौकेतून माना काढून हसताहेत आणि मजकुरात माणसांच्या दुष्टपणाबद्दल अक्षरही नाही, असे असेल तर ते प्राण्यांचे पुस्तक झाले. उलट बुडणारी माणसे रंगवली असतील तर ते सातच्या आतल्या मुलांसाठी नाही. इसहाकाच्या गोष्टीत झुडपात अडकलेला मेंढा त्याच पानावर दिसलाच पाहिजे. काही पुस्तके उगारलेल्या सुरीवर पान संपवतात आणि झोपेला आलेले मूल तिथेच अडकून पडते. दाविदाच्या गोष्टीचा शेवट 'तूही असाच शूर हो' एवढ्यावर होत असेल तर लेखकाने त्यातला देवच गाळला आहे. दावीद स्वतः गल्याथाला बजावतो की ही लढाई परमेश्वराची आहे. वधस्तंभाला चार पाने आणि पुनरुत्थानाला अर्धे पान असा हिशेब असेल तर पुस्तक परत फळीवर ठेवा.

अचूकपणाची परीक्षा याहून झटपट होते. उत्पत्तीच्या पुस्तकात फळाचे नाव नाही, सफरचंद चित्रकारांनी आणले. योनाला गिळतो तो 'मोठा मासा', देवमासा असे तिथे म्हटलेले नाही. मागी लोक (बाळ येशूला पाहायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी) किती होते हे मत्तय सांगत नाही, आणि ते बाळाला भेटतात ते घरात (मत्तय २:११), गव्हाणीपाशी नव्हे. या तिन्ही जागी पुस्तक सावध असेल तर लिहिणाऱ्याने मूळ उघडून पाहिले होते असे समजायला हरकत नाही. येशू गोरापान आणि निळ्या डोळ्यांचा रंगवलेला असेल तर तेवढ्यासाठी पुस्तक नाकारू नका, पण तो पॅलेस्टाईनमधला यहुदी होता हे मुलांना सांगून ठेवा.

इंग्रजी चालत असेल तर सॅली लॉइड-जोन्स यांचे 'द जीझस स्टोरीबुक बायबल' (२००७) घ्या. ४४ गोष्टी आहेत आणि प्रत्येक गोष्ट शेवटी येशूकडे वळते. मोठ्याने वाचायला ते फार चांगले आहे. त्यात लेखिकेची ललित भर बरीच आहे, म्हणून सात वर्षांच्या मुलाला तीच गोष्ट मूळ अध्यायातूनही वाचून दाखवा. 'द ॲक्शन बायबल' हे कॉमिक आहे आणि त्यातल्या लढाया ठसठशीत आहेत. आठ-नऊच्या आधी नको.

चार वर्षांच्या मुलाला एकच गोष्ट आठवडाभर पुरते, तीही पाच मिनिटांची आणि रोज त्याच शब्दांत. सात वर्षांचा मूळ बायबलला तयार असतो. रूथ आणि योना प्रत्येकी चारच अध्यायांचे, मार्क १६ अध्यायांचा. डिसेंबरसाठी लूक घ्या. अध्याय २४ आहेत, १ तारखेला सुरुवात केली तर २४ ला पुनरुत्थानापर्यंत पोहोचता आणि २५ ला दुसरा अध्याय पुन्हा वाचता येतो. पहिला अध्याय ८० वचनांचा आहे. तो सकाळ-संध्याकाळ असा दोनदा वाचा, नाहीतर बेत पहिल्याच दिवशी बारगळतो.

मुलगा नऊ वर्षांचा, शाळेतल्या मित्रांमुळे 'नार्निया' मागतो. माझी आई म्हणते, जादू आणि चेटकिणी ख्रिस्ती घरात नकोत, बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात साफ मनाई आहे. शिवाय सात पुस्तकांचा क्रम दुकानदार एक सांगतो आणि नेटवर दुसराच दिसतो. (विजयनगर, इंदूर)

आईंचा आक्षेप हसण्यावारी नेऊ नका. अनुवाद १८:१०-१२ मध्ये ती मनाई खरोखरच आहे, आणि आपल्याकडे तोडगे-उतारे हा गोष्टींपुरता विषय नाही. गल्लीच्या तोंडाशी त्याची दुकाने असतात. म्हणून पुस्तकाला चार प्रश्न विचारायचे: जादू कोण करतो, कशासाठी करतो, तिची किंमत कोण मोजतो, आणि ती करून पाहायला पुस्तक मुलाला बोलावते का?

सी. एस. लुइस यांच्या या मालेत चेटकीण जादू वापरते ती दुसऱ्यांना मुठीत ठेवायला. पहिल्या पुस्तकात एडमंड मिठाईच्या लोभाने भावंडांना दगा देतो आणि त्याची शिक्षा अस्लान हा सिंह स्वतःवर घेतो. आईंना खरे तर तिसऱ्या पुस्तकाचा, म्हणजे 'द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर'चा दहावा अध्याय मराठीत सांगून दाखवा. आपल्यामागे मैत्रिणी काय बोलतात हे कळावे म्हणून एडमंडची बहीण ल्युसी मंत्रांच्या पोथीतला एक मंत्र म्हणते, नको ते ऐकते आणि मैत्रिणीविषयी तिचे मन कडू होते. अस्लान तिला सांगतो की जादूने चोरून ऐकणे हेही चोरून ऐकणेच. अनुवादातल्या मनाईशी हा अध्याय भांडत नाही. एवढे ऐकूनही आईंचे मन मानले नाही तर वर्षभर थांबा. रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात खाण्यापिण्यावरून भावाला ठेच न लावण्याबद्दल जे सांगितले आहे ते पुस्तकांनाही लागू पडते, आणि नऊ वर्षांच्या मुलाला दहाव्या वर्षीही नार्निया तितकेच आवडते.

क्रमाबद्दल आमचे मत पक्के आहे: १९५० चे 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' आधी. हल्लीच्या बऱ्याच संचांवर 'द मॅजिशियन्स नेफ्यू'वर १ आकडा असतो, कारण कथेतला काळ त्याचा आधीचा. पण लिहिले गेले ते नंतर, छापले गेले १९५५ मध्ये, आणि बर्फात दिव्याचा खांब कुठून आला असल्या कोड्यांची उत्तरे त्यात आहेत. कोडे पडण्याआधी उत्तर दिले की मजा जाते. छापलेल्या वर्षांचा क्रम धरा. शेवटचे 'द लास्ट बॅटल' १९५६ चे.

वाचताना दोन-तीन जागी सांभाळा. पहिल्या पुस्तकाचे १४ आणि १५ हे अध्याय एकाच संध्याकाळी वाचा. चौदाव्यात अस्लान मारला जातो. तिथे दिवा मालवला तर मूल रडत झोपेल. एडमंड परत आल्यावर अस्लान त्याच्याशी एकांतात काय बोलला ते लुइस सांगतच नाही. तुम्हीही तिथे भर घालू नका. अस्लान म्हणजे कोण, हेही मुलाला आपणहून सापडू द्या. 'द हॉर्स अँड हिज बॉय' आणि 'द लास्ट बॅटल' यांत पागोटेवाले, सावळ्या वर्णाचे कॅलोरमेन लोक बहुतेक शत्रुपक्षात आहेत. इंदूरच्या मुलाला हे बोचणारच, बोचलेले बरे. तो विषय टाळू नका. ख्रिस्ती लेखकाच्याही डोळ्यांवर त्याच्या काळाचा चष्मा असतो, हे सांगायची ती चांगली जागा आहे. शेवटचे पुस्तक दहा-अकराच्या आधी नको. त्यात आगगाडीच्या अपघातात मुलांचा मृत्यू होतो, आणि ते कळते अगदी अखेरच्या पानांवर.

खजुरी बाजारातून अभिजात पुस्तकांचा जुना इंग्रजी संच स्वस्तात मिळाला: हायडी, रॉबिन्सन क्रूसो, लिटल विमेन, पिलग्रिम्स प्रोग्रेस. लहानपणी यांची 'ख्रिस्ती पुस्तके' म्हणून शिफारस ऐकली होती. आता मुलीला वाचून दाखवताना त्यात प्रार्थना नाही, बायबल नाही. आमची समजूत चुकीची होती का? (स्नेहलतागंज, इंदूर)

समजूत बरोबर आहे, आवृत्ती संक्षिप्त आहे. तीनशे पानांचे पुस्तक ऐंशी पानांत बसवताना संपादक घटना ठेवतो आणि मनात घडलेले कापतो. श्रद्धा नेमकी तिथेच असते.

योहाना स्पिरी यांची 'हायडी' घ्या. पहिला भाग १८८० चा, दुसरा १८८१ चा. दोन्ही मिळून २३ अध्याय. संक्षिप्त प्रतीत शेळ्या उरतात, डोंगर उरतो, चाकांच्या खुर्चीतली क्लारा उरते. गळते ते असे: फ्रँकफुर्टला घराच्या आठवणीने झुरणाऱ्या हायडीला क्लाराची आजी प्रार्थना करायला शिकवते आणि चित्रांचे पुस्तक देते. त्याच पुस्तकातली उधळ्या पुत्राची गोष्ट हायडी पुढे आजोबांना वाचून दाखवते, आणि वर्षानुवर्षे गावाशी फटकून राहिलेला तो म्हातारा रविवारी नातीचा हात धरून चर्चमध्ये उतरतो. हा चौदावा अध्याय. तुमच्या प्रतीत तो नसेल तर हायडीचे अर्धे पुस्तक तुमच्याकडे नाही. दुसऱ्या भागात शेळ्या राखणारा पीटर मत्सराने क्लाराची खुर्ची दरीत ढकलतो, भीतीने पोखरला जातो आणि आजी त्याला समोर घेऊन बोलते. अपराधी मनाविषयी आठ-दहा वर्षांच्या मुलाशी बोलायला इतके चांगले प्रकरण सहज सापडत नाही. संक्षिप्त प्रतीत खुर्ची पडते आणि पुढच्या पानावर क्लारा चालू लागते.

'रॉबिन्सन क्रूसो' (१७१९) तपासायची जागा म्हणजे त्याचा ताप. एकटा, आजारी क्रूसो तंबाखू शोधायला पेटी उघडतो, त्यात बायबल सापडते आणि डोळे पडतात ते स्तोत्र ५० मधल्या संकटसमयी हाक मारण्याच्या वचनावर. तिथून पुस्तकाचा रोख बदलतो. या पुस्तकात मोठी अडचणही आहे, ती लपवू नका. जहाज फुटते तेव्हा क्रूसो गुलाम आणायलाच निघालेला असतो, आणि पुढे बेटावर भेटलेल्या फ्रायडेला पहिल्यांदा शिकवलेल्या शब्दांत 'मालक' हा शब्द आहे. बायबल वाचणाऱ्या क्रूसोला यात काही खटकत नाही. बारा वर्षांच्या मुलीला हे नक्की खटकेल. तिला बोलू द्या.

'लिटल विमेन' (१८६८-६९) जॉन बनियनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'मधल्या यात्रेकरूच्या आधारावरच उभे आहे. पूर्ण प्रतीत अध्यायांच्या नावांतच त्यातली ओझी, अपोल्योन राक्षस आणि व्हॅनिटी फेअरची जत्रा दिसतात. अनुक्रमणिका पाहिली की निकाल लागतो. नाताळच्या सकाळी चौघी बहिणी आपली न्याहारी हुमेल कुटुंबाला नेऊन देतात, तो प्रसंग बहुतेक ठिकाणी वाचतो. उशीखाली सापडलेली पुस्तके आणि ती रोज वाचायचा त्यांचा निश्चय मात्र गळतो. मराठीत शांता शेळके यांचे 'चौघीजणी' आहे. घरात मराठी वाचणारे मोठे कोणी असेल तर आधी तेच घ्या.

'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चा पहिला भाग १६७८ चा. मूळ इंग्रजी मुलांना झेपत नाही, इथे सोपे रूपांतरच लागते. मराठीशी त्याचे नाते जुने आहे. हरी केशवजींनी १८४१ मध्येच ते 'यात्रिकक्रमण' या नावाने आणले. रूपांतरात चार गोष्टी शोधा: पाठीवरचे ओझे वधस्तंभापाशीच गळून पडते का, निराशेचा चिखल आहे का, संशयाच्या किल्ल्यातून सुटताना 'अभिवचन' नावाची किल्ली आहे का, आणि शेवटची नदी आहे का. ओझे 'चांगल्या वागण्यामुळे' हलके होत गेले असे दाखवणारी रूपांतरे निघतात. ती बनियनची राहत नाहीत. १६८४ चा दुसरा भाग बहुतेक जण वगळतात. त्यात यात्रेकरूची बायको चार मुलांना घेऊन त्याच वाटेने निघते, वाटेत मुले दमतात, नको ते फळ खाऊन एक आजारी पडतो. कुटुंबात वाचायला पहिल्यापेक्षा हाच भाग सरस आहे, असे आमचे स्पष्ट मत.

तुमचा संच फेकू नका. चित्रे चांगली असतील तर सहा-सात वर्षांच्या मुलाला ओळख म्हणून चालेल. पुढच्या वेळी मुखपृष्ठाच्या आतले पान पाहा: 'संक्षिप्त', 'रूपांतर', 'सुलभ' यांपैकी शब्द असेल तर काहीतरी कापलेले आहे.

घरी मराठी बोलतो, पण मुले मराठी वाचत नाहीत. इंग्रजी ख्रिस्ती पुस्तके ढिगाने मिळतात. मराठीत ख्रिस्ती घरासाठी काय आहे? आणि 'श्यामची आई' आमच्या मुलांनी वाचावी का? (इंदूर आणि वडोदरा येथील दोन पत्रे)

इंदूरच्या मुलांचे अर्धे काम हिंदीने केलेले असते, लिपी तीच. अडतात ती मोजक्या जागी: ळ चा ल होतो, 'ऱ्य' दिसला की थबकतात, आणि च-ज चे दोन उच्चार (चार-चाक, जीव-जागा) डोळ्यांना कळत नाहीत, कानाने शिकावे लागतात. त्यामुळे आधी महिनाभर तुम्ही वाचा आणि मुलाने ओळीवर बोट फिरवावे. मग एक परिच्छेद तुमचा, एक त्याचा. रोज दहा मिनिटे पुरतात. उच्चार प्रत्येक शब्दाला सुधारू नका. परिच्छेद संपल्यावर दोनच शब्द घ्या. वडोदऱ्यात शाळेची लिपी गुजराती असेल तर शिरोरेखेचीच सवय नसते, आणि ख, च, ज, ब, ल ही अक्षरे वेगळी दिसतात. तिथे ही पाच अक्षरे आधी पक्की करा आणि मोठ्या टायपाचे पुस्तक निवडा. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत सयाजीरावांच्या काळापासून मराठी पुस्तके आहेत. विकत घेण्याआधी तिथे चाळून पाहा.

पुस्तकांत पहिले नाव लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे (१९३४-३६). ख्रिस्ती घरातच काय, कुठल्याही मराठी घरात मोठ्याने वाचायला त्याच्या तोडीचे पुस्तक विरळा. वय दहापासून पुढे. सलग वाचू नका. वडिलांच्या सोवळ्याने घर कसे हैराण होई ती प्रकरणे आधी घ्या, मुले खदखदून हसतात. मग पती नारायण वामन टिळकांचा १८९५ चा बाप्तिस्मा आणि त्यानंतरचा ताटातुटीचा काळ. लक्ष्मीबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या १९०० मध्ये, आणि मधल्या वर्षांतला राग, हट्ट, जातीचा अभिमान त्या काहीही झाकत नाहीत. श्रद्धा एका रात्रीत येत नाही हे इतक्या हसतखेळत सांगणारे दुसरे पुस्तक आम्हाला सुचत नाही. नारायण वामन टिळकांची बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची कविता आजी-आजोबांना पाठ असेल. ती त्यांच्याच तोंडून ऐकवा. टिळकांनी सुरू केलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुरे केलेले 'ख्रिस्तायन' ओव्यांत आहे. रोज चार-पाच ओव्या पुष्कळ झाल्या.

'श्यामची आई' जरूर वाचा. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातले व्रत-वैकल्य आणि देवपूजा तुमच्या घरची नाही, हे मुलाला कळतेच. त्यावर टीप देत बसू नका. रचना ४२ रात्रींची आहे, रोज एक याप्रमाणे सहा आठवडे. मुले मधे कंटाळतात ती लागोपाठ रडू येणाऱ्या रात्रींमुळे, म्हणून अधूनमधून दोन दिवस दुसरे काहीतरी हलके वाचा.

नवरा कॅथलिक, मी सी.एन.आय.ची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट). मुलांसाठी घरात कोणते बायबल ठेवावे? (महू)

दोन्ही. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके, तुमच्यात ६६. नवा करार २७ पुस्तकांचा दोघांकडे तोच. मुलांचे वाचन शुभवर्तमानांपासून करा म्हणजे दहा वर्षे तरी प्रश्न येणार नाही. कॅथलिक प्रतीतली तोबिताची गोष्ट मुलांना आवडते: प्रवासाला निघालेला मुलगा, सोबतीला देवदूत, मागोमाग कुत्रा आणि आंधळ्या बापाचे डोळे बरे करणारा मासा. त्यात सात नवऱ्यांना मारणारे भूतही आहे, तो भाग लहानांना सांगताना गाळा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' मोठ्यांनी हाताशी ठेवावे, भाषा आजची आहे. जुन्या कॅथलिक प्रतींत स्तोत्रांचे क्रमांक बहुतेक ठिकाणी एकाने मागे असतात. मुलांची पाठांतराची भांडणे यातूनच निघतात.

मुलगी चौदा वर्षांची. म्हणते, ख्रिस्ती पुस्तकांत सगळे गोड असते, शेवटी प्रार्थना आणि सगळे ठीक. तिला खरे काहीतरी हवे. (ओल्ड पलासिया, इंदूर)

मुलीचे चुकत नाही. पुष्कळ पुस्तकांत संकट पान चाळीसवर येते आणि पान पंचेचाळीसवर प्रार्थनेने मिटते. तिला कोरी टेन बूम यांचे 'द हायडिंग प्लेस' (१९७१) द्या. हॉलंडमधल्या घड्याळजी कुटुंबाने यहुद्यांना घरात लपवले. फेब्रुवारी १९४४ मध्ये हे कुटुंब पकडले गेले, म्हातारे वडील दहा दिवसांत तुरुंगातच वारले, बहीण बेट्सी डिसेंबरात रावेन्सब्रुकच्या छळछावणीत मेली. प्रार्थना झाली म्हणून ती वाचली, असे होत नाही. तुम्ही आधी वाचा. छावणीत बायकांना विवस्त्र तपासणीला उभे करतात ती पाने मुलीने एकटीने वाचू नयेत. शेवटाकडे छावणीतला एक पहारेकरी क्षमा मागायला हात पुढे करतो आणि कोरीचा हात उचलत नाही. त्या पानावर घाई करू नका.

पुस्तक संपल्यावर सिस्टर राणी मारिया यांच्याविषयी बोला, त्या तर तुमच्या शेजारच्या. उदयनगर भागात कर्जात पिचलेल्या आदिवासींसाठी काम करताना २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टर, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच राणी मारियांना 'धन्य' (कॅथलिक चर्चमध्ये संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. कोरीचा न उचलणारा हात आणि ही राखी एकत्र ठेवली की चौदा वर्षांची मुलगी आपणच बोलू लागते.

सोळाच्या सुमारास लुइस यांचे 'द स्क्रूटेप लेटर्स' (१९४२) चालेल. मुरलेल्या सैतानाने शिकाऊ पुतण्याला लिहिलेली ३१ पत्रे. त्यात 'शत्रू' म्हणजे देव. हे आधी सांगितले नाही तर पहिली तीन पत्रे डोक्यावरून जातात. दर रविवारी एकच पत्र वाचा. सलग वाचले की उपरोधाचा कंटाळा येतो.

नाताळच्या संध्याकाळी शेजारची हिंदू मुलेही येतात. सगळ्यांना मिळून ऐकवता येईल अशी एखादी गोष्ट? (सुदामानगर, इंदूर)

टॉलस्टॉयची मार्टिन चांभाराची गोष्ट, १८८५ ची. प्रभू भेटायला येणार म्हणून मार्टिन दिवसभर खिडकीशी बसतो, आणि येतात ते बर्फ उपसणारा म्हातारा, बाळाला घेऊन कुडकुडणारी बाई, सफरचंदे विकणारी आजी आणि चोरटा पोरगा. वाचायला अर्धा तास लागतो. मुले लहान असतील तर तोंडी पंधरा मिनिटांत सांगा, फक्त चौघांपैकी कोणाला गाळू नका. याहून छोटी हवी असेल तर ऑस्कर वाइल्डचा स्वार्थी राक्षस (१८८८), बारा-तेरा मिनिटांची. तिच्या शेवटी राक्षस मरतो आणि लहान मुलाच्या तळहातांवर खिळ्यांच्या खुणा दिसतात. त्या कसल्या, हे विचारल्यावरच सांगा.

संडे स्कूलसाठी एक कपाट आणि थोडे पैसे मिळाले आहेत. सुरुवात कशी करावी? (छावणी, इंदूर)

चाळीस पुस्तकांनी करा. बारा सहाच्या आतल्यांसाठी, सोळा सात ते दहाच्या मुलांसाठी, आठ मोठ्या मुलांसाठी, चार आई-वडिलांसाठी. कपाट भरण्यासाठी देणगीतली पुस्तके घेऊ लागलात की पहिल्या महिन्यात जुनी गाइडे आणि फाटक्या डायऱ्या जमतात. प्रत्येक पुस्तक फळीवर जाण्याआधी दोन मोठ्या माणसांनी पूर्ण वाचलेले असावे. त्यातला एक जण शिक्षक नसलेला बरा. रस्त्यावरच्या चोरट्या छपाईच्या प्रती घेऊ नका. पाने उलटसुलट असतात, आणि चर्चच्या कपाटात चोरीचा माल शोभत नाही.

वयाप्रमाणे पाठीवर तीन रंगांची चिकटपट्टी लावा. वहीत चारच रकाने: पुस्तकाचा क्रमांक, मुलाचे नाव, नेल्याची तारीख, परतीची तारीख. एका मुलाला एक पुस्तक, दोन आठवडे. दंड ठेवू नका. दंड लागतो म्हणून मूल पुस्तकही आणत नाही आणि स्वतःही येईनासे होते. नुसत्या पिनांवर बांधलेली पातळ पुस्तके दोन महिन्यांत सुटतात. नवी असतानाच घडीवर तीन भोके पाडून जाड दोऱ्याने टाका घाला, मग प्लॅस्टिकचे वेष्टन.

कपाट भिंतीपासून आणि जमिनीपासून चार बोटे दूर ठेवा, पावसाळ्यात ओल तिथूनच चढते. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाची सुकी पाने घाला आणि महिन्याला बदला. डांबराच्या गोळ्या लहान मुलांचा हात पोहोचतो तिथे नकोत, ती त्या तोंडात घालतात. जुनी पुस्तके आली तर आधी दोन आठवडे बंद पिशवीत वेगळी ठेवा. तळाशी भुसा पडला तर ती कपाटात नेऊ नका.